आईचं सॉरी

आमच्या आईला इंग्रजीतले मोजून पाच-सहा शब्द येतात आणि त्यातला सॉरी ती दिवसभर वापरते. गायीच्या शेपटीवर पाय पडला, सॉरी. देव्हाऱ्यातली समई कलंडली, देवाला सॉरी. एसटीत कुणाला कोपर लागलं तरी सॉरी, आणि शेजारणीचा दीर गेला तेव्हा तिच्या दारात जाऊनही ही सॉरीच म्हणून आली. मी श्रीरामपूरला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे मला राहवलं नाही, टोकलंच. तर मला म्हणते, मंग काय म्हनू, माफ करा म्हनायला मी काय कोर्टात उभी हाय का? तेही खरंच. घरच्या माणसाला माफ करा म्हणणारं कुणी मी तरी आमच्याकडे पाहिलेलं नाही.

हा शब्द तिला दिला सिस्टरांनी. सिस्टर मूळच्या स्पेनच्या. आमच्या गावातला मिशनचा दवाखाना त्यांनी तीस वर्षं चालवला आणि त्यातली वीसेक वर्षं आई त्यांच्या हाताखाली होती. केसपेपर काढायचे, सुया उकळायच्या, रडणारी पोरं घट्ट धरून ठेवायची. सिस्टर मराठी फाडफाड बोलायच्या, अगदी 'लई दुखतंय का' पर्यंत, पण सुई टोचण्याआधी प्रत्येकाला सॉरी म्हणायच्या. माझ्या दंडालाही त्यांनी कितीदा टोचलंय. पुढं वय झाल्यावर त्यांच्या संस्थेनं त्यांना परत बोलावून घेतलं आणि त्या कायमच्या गेल्या. त्या दिवसापासून आईनं त्यांचा विषयच बंद केला. मला वाटलं, रुसली असेल. आमच्या आईचा राग लोणच्यासारखा वर्षानुवर्षं टिकतो.

गेल्या हिवाळ्यात मिशनच्या कॉन्व्हेंटच्या आत्ताच्या मदर मला बाजारात भेटल्या. म्हणाल्या, सिस्टर तिकडं म्हाताऱ्या नन्सच्या घरात आहेत, नव्वदी ओलांडली, आता दिवस थोडेच. डोकं पार पुसलं गेलंय. इंग्रजी गेलं, मराठी गेलं, लहानपणची स्पॅनिश तेवढी उरलीय. रविवारी व्हिडिओ कॉल लावून देता येईल, पण दोन-तीन शब्दच बोला, त्याहून जास्त त्यांना झेपत नाही. मी घरी येऊन आईला हे नुसतं बातमी म्हणून सांगितलं. तिनं विळी आडवी केली आणि म्हणाली, "मला त्यांना सॉरी म्हनायचंय."

मी मनातून खूष झाले, खोटं कशाला बोलू. लॉकडाऊनमध्ये मी मोबाईलवर स्पॅनिश शिकले होते आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली होती. आता शहाणपणा दाखवायची संधी आली. तेव्हाची शब्दांची वही उघडली आणि माझं डोकंच फिरलं. त्या लोकांकडे सॉरी असा एक शब्दच नाही. वाटेत धक्का लागला की पेर्दोन. परक्याला थांबवून पत्ता विचारायचा तर दिस्कुल्पे. कुणाच्या घरी मयत झालं तर लो सिएन्तो, म्हणजे मला वाईट वाटतं. आणि आपल्या हातून खरंच वाकडं काही घडलं असेल तर पेर्दोनामे, मला माफ कर. आई जे एका पिशवीत कोंबून फिरत होती, ते तिथं वेगवेगळ्या डब्यांत ठेवलेलं. मी विचारलं, कशाबद्दल सॉरी म्हणायचंय? तर म्हणे, तू नुसता शब्द सांग. मी चिडले. म्हटलं, शब्द काय किराणा आहे का, पुडी बांधून हातात द्यायला? झालं. तीन दिवस आमचा अबोला.

शुक्रवारी मेथी निवडता निवडता, मान वर न करता, तिनं सांगितलं.

सिस्टर जायच्या दिवशी दवाखान्याच्या अंगणात जीप उभी होती आणि सगळं गाव जमलं होतं. बाळंत होऊन घरी निघालेल्या प्रत्येक बाईची ओटी आई दवाखान्याच्या पायरीवर भरायची, खण नारळ तांदूळ घालून. सिस्टर ते वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी स्वतःच नारळ आणला, आपल्या पांढऱ्या साडीचा पदर आईपुढं पसरला आणि म्हणाल्या, बाई, आज माझी भर. आई आधीच धुमसत होती. ही बाई आपल्याला सोडून चालली, आणि वर ओटी मागतेय. चारचौघींत तिनं ताडकन सांगितलं, "ओटी सवाष्णीची भरत्यात, शिस्टर. तुमची कशी भरू?"

बायका हसल्या. सिस्टरही हसल्या, नारळ पायरीवर ठेवला आणि जीपमध्ये बसल्या. "हसल्या, पन तोंड येवढंसं झालं हुतं," आई म्हणाली. "तुझे वडील गेले, आन संक्रांतीला बायांनी मला वगळलं, तवा मला कळलं मी काय बोलले ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण त्या संक्रांतीला हळदीकुंकू माझ्याच घरी होतं. आई आत तिळगूळ वळत बसली होती आणि बाहेर वाण वाटत होते ते मी. तिला बाहेर ये म्हणायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मी वहीतले बाकीचे शब्द खोडले आणि तिला पेर्दोनामे शिकवायला बसले.

दोन दिवस तिनं तो शब्द घोकला. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना, गायीपुढं उभं राहून. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीनं कधी इतका जीव ओतून शब्द पाठ केलेला नाही. रविवारी दुपारी आई ठेवणीतलं लुगडं नेसली, डोक्यावरून पदर घेतला आणि खुर्चीत ताठ बसली. चारला कॉल लागला.

पडद्यावर एक एवढासा चेहरा आला. केस बारीक कापलेले, मांडीवर शाल. फोन तिथल्या सांभाळणाऱ्या बाईनं धरला होता. आई आधी "शिस्टर" म्हणाली. मग तो शब्द म्हणाली, एकदाच, पण स्वच्छ. सिस्टर टक लावून बघत राहिल्या. त्यांना समजलं. शब्द अगदी बरोबर बसला होता. त्यांनी हात वर केला आणि त्यांच्या भाषेत म्हणाल्या, माफ केलं गं पोरी, माफ केलं. मी ते आईला लगोलग सांगितलं. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तिनं ते पुसलंही नाही.

मग सिस्टरांनी मान वळवली आणि सांभाळणाऱ्या बाईला हळूच काहीतरी विचारलं. तिनं खांदे उडवले, हसून आम्हाला हात केला आणि फोन ठेवला.

"काय इचारलं त्यांनी?" आई म्हणाली.

थाप मारणं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण आईनं सिस्टरांचे डोळे बघितले होते, तिला काय फसवणार? मी सांगितलं, ही बाई कोण, असं विचारलं.

आई त्या काळ्या पडद्याकडेच बघत होती. मी म्हटलं, पुढच्या रविवारी परत लावू, आपण कोण ते आधी सांगू, दवाखान्याची आठवण करून देऊ. माझं मलाच ते खरं वाटत नव्हतं.

"मला वळखलंच न्हाई," ती म्हणाली. "मंग माफ कुनाला केलं?"