अंगणातून वळवलेला पाइप

आमचे मालक मिलिटरीत, म्हणून सांगलीतल्या घराच्या मागच्या खोल्या भाड्यानं द्यायचं आणि भाडेकरूंचं निस्तरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सन सत्तरच्या पुढची ती वर्षं. आडावरची मोटार जळाली की मी, पंखा बंद पडला की मी. त्यात कुणाला अंगणात कोंबड्या पाळायच्या, कुणाला कपड्यांची तार बांधायची. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! मी आधीच बजावायची, काय वाट्टेल ते करा, अंगणात कुदळ लावायची नाही.

शिराळ्याकडचं एक जोडपं राहायला आलं. तो एसटीत कंडक्टर, ती जेमतेम विशीची. त्यांचं पहिलं बाळ बारशाआधीच गेलं. एवढ्या तान्ह्याला आमच्याकडं जाळत नाहीत, पुरतात. पण कृष्णेला पूर, घाट पाण्याखाली. पूलही बंद, गावाकडच्या शेतात न्यायची सोय नाही. तो माझ्या दारात आला. मग म्हणाला, "वैनी, अंगनातला येक कोपरा द्या."

कुदळ मीच काढून दिली. शेजारणी कुजबुजल्या, घराला अपशकुन. म्हटलं, घर माझं हाय, अपशकुनाचं माझी मी बघीन. तेव्हापासून बाळाची आई रोज सकाळी त्या कोपऱ्यात सडा घालायची. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही.

पुढं आडापासूनचा पाइप गंजून गळायला लागला. मिस्त्रीनं नव्या पाइपासाठी चुन्याची सरळ रेघ मारली, ती नेमकी त्या कोपऱ्यातून. ती दारात उभी होती, पदर मुठीत आवळून. मी मिस्त्रीला म्हटलं, वळवून घ्या. तो म्हणाला, पाणी बारीक येईल. येऊ दे म्हटलं. आणि खरंच करंगळीएवढी धार यायला लागली. बाकीच्या भाडेकरणींनी माझा यथेच्छ उद्धार केला. मी कुणालाच कारण सांगितलं नाही.

मग त्याची साताऱ्याला बदली झाली. सामान ट्रकात चढलं तरी ती कोपऱ्यातून हलेना. मला वाटलं, इथं खणू नका म्हणून सांगेल. माझा शब्द तयारच होता. तिनं माझा हात धरला.

"वैनी, आमची खोली लेकुरवाळीला द्या. आमी गेल्यावर त्याला येकट्याला करमायचं न्हाई."

ट्रक गेला आणि मी तिथंच बसून हमसून हमसून रडले.

खोली बरेच महिने रिकामी राहिली. कारखान्यातली एकटी माणसं विचारून गेली, मी परत पाठवली. शेवटी तीन पोरांची आई आली. तिची पोरं दिवसभर त्याच कोपऱ्यात धुडगूस घालायची. मी इतकी तापट बाई, पण त्यांना एकदाही गप्प बसा म्हटलं नाही.