नवव्या खांबावरचं सीताफळ

पुण्याच्या लष्कर भागातलं कॅथेड्रल बघायला मी चिंचवडहून सायकल हाणत गेलो, त्याला कारण एक भांडण. आमच्या कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात मार्था ट्रेसिंग करते. ती कँटीनमध्ये त्या कॅथेड्रलचं कौतुक करत होती आणि मी, वर्षभर तिच्यावर जीव टाकून बसलेला शहाणा, बोलून गेलो, "शेवटी दगडी गोदामच ना!"

तिने डबा बंद केला. "आर्किटेक्चरचं कॉलेज अर्धवट सोडलंस, तोंड मात्र पूर्ण आहे. मी लहानपणापासून जाते तिथे. मला माहीत नसलेली एक तरी गोष्ट बघून ये. तोवर बोलू नकोस माझ्याशी."

कॉलेज मी सोडलं तेही रागातच. सरांनी एका चुकीपायी अख्खं ड्रॉइंग पुन्हा काढायला सांगितलं. मी त्यांच्यासमोरच कागद फाडला आणि निघून आलो.

रविवारी जेवून निघालो. तुम्हाला जायचं असेल तर थंडीतच जा. मुंबई-पुणे रस्ता सरळ आहे, फक्त ट्रकवाले सायकलवाल्याला माणसात धरत नाहीत. कासारवाडीला पंक्चर झालं.

"लष्करात? शिनेमाला का?" पंक्चरवाल्याने विचारलं.

"चर्च बघायला."

"आसं व्हय! पोरगी हाय म्हना की." माझा चेहरा बघून तो हसला. "जावा राव. हवा टाईट भरलीया."

दापोडीचा पूल, मग खडकी. लष्करात पोचल्यावर इराण्याकडे बनमस्का आणि चहा घेतला; रुपयात काम भागतं. आणि कोपऱ्यावर वळलो तर ते समोर उभं.

गोदाम म्हणणाऱ्याची जीभ झडो! काळा दगड, पण जड वाटतच नाही. टोकदार कमानी, एकीवर एक, नजर वर नेतात, पार मनोऱ्यापर्यंत. दगडांच्या सांध्यांत ब्लेडसुद्धा शिरणार नाही. मी चपला पायरीवर काढल्या आणि आत शिरलो. देवळात शिरताना जातो तसा हात आपोआप वर गेला. वर घंटा नव्हती, पण मनोऱ्याखाली जाड दोर लोंबत होता. ओढला.

एकच टोला पडला. छातीत घुमला.

मिनिटभरात मागच्या चाळीतली माणसं धावत आली. "कोण गेलं? कोण गेलं?" अवेळी एक टोला म्हणजे त्यांच्यात कुणीतरी वारलेलं असतं, हे मला काय ठाऊक! चर्चची देखभाल करणारे अँथनीकाका काठी घेऊनच आले.

"देवळात शिरताना वाजवतात ना," मी हात जोडून म्हणालो.

मग पिठाचे हात घेऊन आलेली एक बाई कडाडली, "मेल्या, माझी पोळी जळली तव्यावर!" आणि तीच आधी हसली.

माणसं पांगली. काकांनी काठी खाली केली. "ये, तू काय मुद्दाम नाही केलंस." त्यांनी मला आत फिरवलं. छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्या, रंगीत काचा, माझ्या अनवाणी पायांवर पडलेला निळा-तांबडा उजेड. मग नवव्या खांबापाशी थांबून त्यांनी काठीने वर दाखवलं. "सगळ्या खांबांवर द्राक्षांचे घोस आहेत. हे बघ."

सीताफळ! डोळ्यांसकट, देठासकट.

"गोऱ्या साहेबाने कागदावर द्राक्षं काढून दिली होती म्हणतात. आपला पाथरवट. त्याने द्राक्षं कुठे बघितली होती? घोस बघितला आणि त्याला सीताफळच दिसलं."

"मग बदललं का नाही?"

"साहेबाच्या लक्षात येईपर्यंत वर कमान बसली होती. आता ते काढलं तर छप्पर खाली येईल."

मी बराच वेळ मान वर करून उभा राहिलो. मला तो फाडलेला कागद आठवत होता.

सोमवारी कँटीनमध्ये मार्थासमोर जाऊन बसलो. "नवव्या खांबावर सीताफळ आहे."

"कुठल्या?"

"उजव्या रांगेतला नववा. बाकी सगळी द्राक्षं."

तिचा घास हातातच राहिला. बहुतेक मनातल्या मनात खांब मोजत होती. मग म्हणाली, "मी त्याच खांबापाशी बसते. वर कधी बघितलंच नाही."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "आणि ती पोळी माझ्या मावशीची होती."

मी मान खाली घातली.

"पुढच्या रविवारी ये," मार्था म्हणाली. "सीताफळ दाखव. पण दोराला हात लावायचा नाही."

सायकलची हवा मी आजच तपासून ठेवली आहे.