मनोहरच्या रायफलीतले तांदूळ

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही, आणि तिला तर मी दुकानात उंदीर दिसला तरी फोन लावून सांगतो. आता तुम्हालाच काहून सांगून राहिलो? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की तुम्ही मनोहरच्या घरचे नाही म्हणून? जाऊ द्या. सांगतो. पण मी सरळ सांगेन असं समजू नका, बावा. मला स्वतःलाच ही गोष्ट सरळ दिसत नाही.

सौसरला माझं खत-औषधाचं दुकान आहे. संत्र्याची फवारणी, कपाशीचं बियाणं, यात पोट भरतं. जीव मात्र लिव्हरवाल्या रायफलीत. हसू नका! कोणाला कबुतरांचा नाद असतो, कोणाला भजनाचा, मला हा. चापाच्या भोवती लोखंडाचं एक कडं असतं, त्यात बोटं घालायची, खाली ढकलायचं, वर ओढायचं. खाली जाताना रिकामं काडतूस बाहेर, वर येताना भरलेलं आत. बस, एवढंच. पण प्रत्येकीचा आवाज वेगळा, प्रत्येकीचा हात वेगळा. लायसनवर दोनाच्या वर हत्यारं ठेवता येत नाहीत आणि माझ्याकडे तर एकच आहे, वडिलांनी रानडुकरांपायी घेतलेली. मग संग्रह कशाचा करणार? मी तुलना गोळा केल्या. कोणाची नळी आठकोनी, कोणाची गोल, कोणाचं काडतूस वरून उडतं, कोणाचं बाजूनं — या भागातली अशी एक रायफल नसेल जी मी हातात घेऊन पाहिली नाही.

आणि त्या पाहायच्या कुठे? पोलीस थान्यात. निवडणूक लागली की लायसनवाल्या सगळ्यांना बंदुका थान्यात जमा कराव्या लागतात. लोक वैतागतात, रांगेत उभे राहून सरकारला शिव्या देतात. माझी मात्र जत्रा असायची. दुकान बायकोवर टाकून मी सकाळीच जाऊन बसायचो. बहुतेकांजवळ दोन नळ्यांच्या दुनाळ्या, त्यांच्याकडे मी पाहतसुद्धा नव्हतो. अशाच एका रांगेत मनोहर भेटला. रामाकोन्याचा, संत्र्याचा बगीचा असलेला, मोठ्यानं हसणारा माणूस. त्याच्या काखेत आजोबांपासून चालत आलेली लिव्हरवाली होती. मी मागितली, त्यानं दिली. मी लिव्हर खाली-वर केला आणि — काय सांगू तुम्हाला — लोणी! माझ्या रायफलीचा लिव्हर असा चालतो की जुनं फाटक उघडावं. मी सगळ्यांना छाती ठोकून सांगायचो की बाजूनं काडतूस टाकणारी रायफल कधीही भारी, म्हणजे माझी. मनोहरची वरून टाकणारी. आणि ती शंभर हिश्शांनी चांगली होती.

जळलो मी. दुसरा शब्द नाही.

मनोहरशी दोस्ती झाली ती तिथूनच. खरं तर दोस्ती आधी त्याच्या रायफलीशी झाली, पण माणूसही दिलदार निघाला. दर दसऱ्याला मी रामाकोन्याला जायचो. त्याच्याकडे शस्त्रपूजा थाटात व्हायची. पाटावर मधोमध रायफल, तिच्या बाजूला विळा, कुदळ, ट्रॅक्टरचे पाने, फवारणीची नळी. मग सोनं वाटायचं, मग पुरणपोळी, मग माझी नि त्याची रायफलींवरून भांडणं.

आता मुद्द्यावर येतो. नाही, त्याआधी शुभांगीचं सांगायला पाहिजे.

शुभांगी म्हणजे मनोहरची सून. मोहगावची पोरगी. लग्न होऊन आली ती स्वतःच्या स्कुटीवर म्हटलं तरी चालेल, अशी होती. नवरा पांढुर्ण्याला नोकरीवर, सासऱ्याचे गुडघे बोंबलत असलेले, म्हणून बगीच्यातला फवारणीचा पंप हीच सुरू करायची. दोरी ओढायची एका झटक्यात. मिक्सर बिघडला की खोलून बसायची. मनोहर माझ्या दुकानात येऊन सांगायचा, "आमची सून बी.ए. आहे, पण इंजिनियरले भारी." कौतुक त्याच्या तोंडावरून ओसंडायचं. हे तुम्ही लक्षात ठेवा. मी तर ठेवलंच आहे.

ती घरात आली त्या वर्षी, दसऱ्याच्या थोडं आधी मी त्याच्याकडे गेलो होतो. माझी रायफल सोबत नव्हती, नुसतं त्याची पाहायची म्हणून. तेवढ्यात व्यापारी बगीचा पाहायला आले. मनोहर म्हणाला, पाहत बस, मी आलोच. कायद्यात हे बसतं का? नाही बसत. पण आमच्यात कायदा कोण पाहतो? मी समोरच्या खोलीत एकटा, आणि मांडीवर ती.

मला पाहायचं होतं की आत असं काय आहे. एवढंच. माझी रायफल एका पेचावर उघडते. एक पेच काढला की लिव्हर हातात. मी माझी कितीदा उघडली असेल! मला वाटलं, हीसुद्धा तशीच उघडत असेल. जन्मभर दोघींतला फरक सांगत फिरलो आणि नेमकं हातात पेचकस आल्यावर दोघी सारख्या समजलो. आता बोला. एक पेच काढला, काही हललं नाही. दुसरा काढला. तिसरा. शुभांगी चहा घेऊन आली. तिनं पाहिलं, आत गेली आणि एक ताटली आणून माझ्यापुढे ठेवली. "काका, पेच याच्यात ठेवा जी, नाही तं हरपतात." मी हसलो. ती स्वयंपाकाला निघून गेली.

मग मी लिव्हर थोडा जोरानं ओढला, आणि आत बारीक आवाज झाला. टिक. हरभरा फुटल्यासारखा.

झाला का आवाज? की मला आता वाटतं तसं? ही माझी पंचाईत आहे पाहा. इतक्यांदा मी तो आवाज आठवला आहे की खरा किती नि माझा किती, ते कळेनासं झालं आहे. मी घाबरलो, हे पक्कं. पेच परत बसवले. लिव्हर खाली-वर करून पाहिला. चालत होता. पण लोण्यात खडा आल्यागत किंचित खरखर होती. की आधीपासूनच होती? मनोहर परत आला, भाव चांगला लागला म्हणून खुशीत होता, मी रायफल त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, काय चीज आहे यार. उघडली होती हे बोललो नाही. का नाही बोललो? तो काही मारणार होता का मला? फार तर शिव्या दिल्या असत्या आणि दुसरा चहा सांगितला असता.

दसरा आला. मनोहरच्या बायकोची, सुमनवहिनीची तब्येत बरी नव्हती, म्हणून पूजा नव्या सुनेकडे. रायफल पाटावर ठेवताना मनोहर तिचा लिव्हर खाली, वरचं तोंड उघडं ठेवायचा, शोभतं म्हणून. शुभांगीच्या माहेरी बंदूक कधी नव्हती. तिला काय माहीत? तिनं देवाला वाहतात तशा मूठभर अक्षदा वाहिल्या, त्या उघड्या तोंडावरच. हळद-कुंकू, फूल, सगळं. मन लावून केलं पोरीनं. पूजा झाली की मनोहर रायफल उचलून लिव्हर खाली-वर करतो, ही त्याची रीत. त्यानं केला. अर्ध्यात अडकला. त्यानं जोर लावला. माणूस गड्यासारखा, जोरही तसाच. आत काहीतरी तुटलं आणि लिव्हर मोडलेल्या हातासारखा खाली लोंबायला लागला.

मग सगळे माझ्याकडे वळले. मीच ना जाणकार! मी रायफल घेतली, उलटी केली, हलवली. आतून तांदळाचे दोन दाणे पडले, हळदीनं पिवळे झालेले. मी ते तळहातावर घेतले आणि सगळ्यांपुढे हात धरला.

"अक्षदा गेल्या आत," मी म्हणालो.

बस. एवढंच बोललो. सांगा, यात खोटं काय आहे? दाणे खरे होते. आतूनच पडले होते. मी कोणाचं नाव घेतलं नाही. पण मी ते दाणे काहून दाखवले? खिशात टाकता आले असते. आणि दाखवताना मला — हे सांगायलाही जड जातं — मला हलकं वाटलं. देव पावला असं वाटलं. कोणीतरी माझ्या जागी उभं राहिलं, असं.

शुभांगीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं मला पेच काढताना पाहिलं होतं, ताटली तिनंच दिली होती. ती बोलली असती तर? मी वाट पाहत होतो, खरंच. ती बोलली नाही, मान खाली घातली. पाहुण्यावर, सासऱ्याच्या दोस्तावर नवी सून बोट ठेवत नाही म्हणून? की तिला खरंच वाटलं, की काका एवढे जाणकार, ते कसे मोडतील? मला समजत नाही. मला काहीच समजत नाही. आवाज माझ्या हातून झाला, दाणे तिच्या हातून पडले, जोर मनोहरनं लावला. नागपूरच्या कारागिरानं उघडून पाहिलं, म्हणाला आतली पत्ती तुटली आहे, असा माल आता मिळत नाही. कशानं तुटली, ते त्याला कोणी विचारलंच नाही. विचारायचं काय? सगळ्यांना माहीत होतं.

मी किती हिशेब मांडले, काय सांगू! कधी वाटतं, पत्ती मीच मोडली, तांदूळ निमित्त. कधी वाटतं, मी काही केलंच नव्हतं, उगाच जिवाला लावून घेतलं. एक दिवस मी दुकान बंद करून माझी स्वतःची रायफल उघडून तिच्यात तांदूळ टाकून पाहिले. होय, टाकले! लिव्हर थोडा अडखळला, दाण्याचं पीठ झालं आणि परत चालायला लागला. पण माझी वेगळी, त्याची वेगळी. त्यावरून काय ठरणार?

मनोहर वाईट माणूस नाही. तो सुनेला कधी रागावला नाही. तो हसला. आणि त्यातच सगळं बुडालं. पंप सुरू झाला नाही की म्हणायचा, "पाहा वं, अक्षदा तं नाही टाकल्या?" सगळे हसायचे. तीही हसायची. मिक्सर जळला, शुभांगीनं हात लावला असेल. टीव्ही बंद पडला, शुभांगी तिथून गेली का? गावात नावच पडलं, अक्षदावाली. सुमनवहिनी मस्करी करत नव्हत्या, त्यांनी खरंच मनावर घेतलं. सुनेच्या हाताला जस नाही, धरलं ते मोडतं, असं त्या बोलून दाखवायच्या. हळूहळू पोरीनं पंपाला हात लावणं सोडलं. मिक्सर बिघडला की दुरुस्तीच्या दुकानात पाठवतात. धाकटा दीर मोठा झाला, स्कुटी त्याच्या नावावर झाली, आता ती मागे बसते, दोन्ही पाय एका बाजूला करून. मी पाहिलं आहे, सौसरच्या बाजारात. तिनं मला नमस्कार केला. मीही केला.

मी सांगायला गेलो होतो. एकदा नाही. रामाकोन्यापर्यंत गाडी नेली, ओसरीवर बसलो, चहा प्यालो, कपाशीवरच्या किडीबद्दल बोललो आणि परत आलो. काय सांगणार होतो? "मनोहर, मी बहुतेक मोडली"? बहुतेकची कबुली कोणी देतं का? असं मी स्वतःला म्हणायचो. आणि या गोंधळाचा मला फायदाच होता, हेही मला दिसत होतं.

आता हा मागचा दसरा. मोडलेली रायफल अजूनही पाटावर असते, निवडणुकीला थान्यातही जाते. शुभांगीची पोरगी आता शाळेत जाते, आईसारखीच खटपटी. पूजेआधी ती अक्षदांची वाटी घेऊन पाटाजवळ उभी होती. सुमनवहिनी आतून ओरडल्या, "तिच्या हाती नोको देऊ वो, मायवर गेली असन!" आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी शुभांगीला उलटून बोलताना ऐकलं. "करू द्या ना आई तिले," ती म्हणाली. पोरीनं वाटी छातीशी धरली.

थोड्या वेळानं शुभांगी मला ओसरीवर चहा द्यायला आली. मी एकटाच होतो. कप ठेवला, पण गेली नाही.

"काका, एक विचारू का जी? तांदळाच्या दाण्यानं लोखंड तुटते?"

राग नव्हता तिच्या बोलण्यात. ती मला पकडायला आली नव्हती. तिला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं, आणि ज्याला माहीत आहे असा माणूस तिच्या ओळखीत मी एकटाच होतो. इतकी वर्षं मी तुम्हाला सांगितलं तसा गोंधळात आहे. पत्ती कोणी मोडली, ते मला आजही माहीत नाही. पण त्या वेळेला माझ्या डोक्यात काडीचा गोंधळ नव्हता. तिला काय सांगायचं, ते मला स्वच्छ माहीत होतं.

"तुटते बाई," मी म्हणालो. "बारीक पार्ट असते आत."

तिनं मान हलवली. "बरं झालं तुम्ही सांगतलं, काका. मले वाटे, हे लोक उगाच माहं नाव घेऊन राहिले."

मग ती आत गेली, आणि पोरीच्या हातातली वाटी तिनं स्वतःच काढून घेतली.