आत कोणी आहे का?

पिकअपचा हौदा रिकामा असला तरी मागचा पडदा बांधण्याआधी मामा त्यात डोकं घालायचा आणि मोठ्यांदा विचारायचा, "आत कोणी आहे का?" मग क्षणभर कान देऊन थांबायचा. आतून कोण बोलणार? तेव्हा कुठे तो डोकं बाहेर काढून दोरीला हात घालायचा. खोडाळ्याच्या बाजारात दर आठवड्याला हे चालायचं. पोरं त्याची नक्कल करायची, शेजारचा भाजीवाला विचारायचा, "शेठ, बटाटे बोलले काय?" मामा हसायचा नाही आणि रागवायचाही नाही. आम्ही घरचे मात्र खाली बघायचो, कारण तो असं का विचारतो ते आम्हाला माहीत होतं.

त्याच्या आधी आम्हा भाचरांमध्ये त्याचं नाव झाकणमामा होतं. जव्हारच्या पेठेत खाली किराणा दुकान आणि वर घर. कॉलेजची वर्षं मी त्याच्याकडे काढली. रिमोटला प्लास्टिकची पिशवी, मिक्सरला मामीच्या जुन्या साडीचा झगा, स्कूटरच्या सीटला कव्हर आणि पावसाळ्यात त्या कव्हरला आणखी एक कव्हर. सोफ्यावरचं प्लास्टिक तर सोफ्याबरोबर आलं ते निघालंच नाही. उन्हाळ्यात पाहुणा उठला की टर्र असा आवाज व्हायचा आणि पाहुणा उगाचच ओशाळायचा. "उघडं ठेवलं की खराब होतं, आणि खराब झालं की लोकांना दिसतं," मामा म्हणायचा. त्याची खरी भीती वाक्याच्या दुसऱ्या भागाची होती.

अशा माणसाने नवी पिकअप घेतल्यावर काय होणार? हौद्यात पहिलं पोतं पडायच्या आत तिच्यावर आच्छादन हवं, असा त्याने हट्ट धरला. बसस्टँडमागच्या वेल्डरकडून लोखंडी कमानी बसवून घेतल्या. त्यांची टोकं ताडपत्रीला टोचू नयेत म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे स्वतः गुंडाळले. जाड निळी ताडपत्री मापाने शिवून आणली, कडेने पितळी रिंगा ठोकल्या आणि बाहेरच्या हुकांमधून नायलॉनची दोरी ओवली. दोरी ताणायला तो चाकावर पाय देऊन उभा राहिला, तेव्हा मामी म्हणाली, "अहो, गाडी आहे ती, लोणच्याची बरणी नाही."

मग परीक्षा झाली. मामा स्वतः हौद्यात जाऊन बसला, वेल्डरने बाहेरून पडदा बांधला, मी नळी धरली आणि मामीने वरून बादल्या ओतल्या. अर्धी पेठ बघायला जमली होती. बाहेर आला तो घामाने निथळत, पण चेहरा लग्नातल्या वरबापासारखा. "थेंब नाही!" तो ओरडला. वेल्डर भला माणूस, म्हणाला, "शेठ, आत हवा नाही खेळत. पुढे एक झरोका ठेवू या?" मामा म्हणाला, "मालाला काय श्वास घ्यायचाय?" सगळे हसले. विनोद चांगलाच होता.

मामाकडे यमुनाबाई होती. जामसरहून यायची, पोती उतरवायची, दुकान झाडायची आणि बाजारच्या दिवशी मामाबरोबर खोडाळ्याला जायची. तिच्या बोलण्यात अहो-जाहो नव्हतंच, मामालाही ती अरे-तुरेच करायची आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. बाजाराला जाता-येता मामा पुढे बसे आणि यमुनाबाई मागे मालाबरोबर, पडदा अर्धा वर करून. मामाच्या शेजारची सीट रिकामी असे, तिच्यावर प्लास्टिक असे. चहा तिला मिळायचा, साखर घालून, सगळ्यांसारखाच. फक्त तिचा कप जिन्याखालच्या कोनाड्यात असायचा. पिऊन झालं की ती तो धुऊन तिथेच पालथा घालायची. कोणी शिकवलं होतं म्हणून नाही. आमच्या घरात या गोष्टी शिकवाव्या लागत नसत.

तो दिवस भर पावसाळ्यातला. दुपारी बाजारातच यमुनाबाई मामाला म्हणाली, की आज खोडाळ्यातच बहिणीकडे राहते, उद्या एसटीने येते. मामा बरं म्हणाला. पण तासाभरात तिला ताप भरला आणि आपल्या घरी गेलेलं बरं असं वाटून ती परत आली. मामा वजनकाटा आणायला गेला होता. ती मागून चढली आणि आत, पार केबिनच्या बाजूला, रिकाम्या बारदानावर आडवी झाली. तेवढ्यात सर कोसळली. मामा धावत आला, काटा आणि उरलेली पोती आत ढकलली, पडदा खाली ओढला आणि बाहेरून आवळून बांधला. गाठी त्याच्या नेहमीच्याच, आतून हात घालून सुटतील अशा नव्हत्या.

घरी येऊन तो जेवला आणि झोपला. पाऊस थांबून रस्त्यावर चक्क ऊन पडलं. चार-साडेचारला तो माल उतरवायला खाली गेला आणि मी त्याचा चहा घेऊन मागोमाग गेले. त्याने गाठी सोडल्या, पडदा वर केला. यमुनाबाई हौद्याच्या मागच्या फळीला टेकून बसली होती. पडदा आणि फळी यांच्यामध्ये बोटभर फट होती, तिला तोंड लावून. लुगडं अंगाला चिकटलेलं. ती आपली आपण खाली उतरली, पदर सारखा केला आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "माल कोरडा हाय शेठ. बघ."

 मामा एकदम ओरडला, "अगं, हाक नाही मारायची?"

"मारली ना. घाटात लय बडवलं. तुझी भजनं चालू होती."

"मग इथं? इथं का नाही ओरडलीस? एवढी माणसं जातायत रस्त्यानं!"

"त्याच्यासाठीच नाय ओरडली," यमुनाबाई म्हणाली. "माणसं जमली असती. शेठनं बाईला बांधून आणलं, म्हणाली असती. भर पेठंत तुझी लाज गेली असती."

मामा पायरीवर बसला. जन्मभर तो जे झाकत आला होता, ते त्या दिवशी एका तापाने फणफणलेल्या बाईने आपला श्वास कोंडून झाकलं होतं. त्याला ते तिथेच कळलं असावं, कारण त्याने माझ्या हातातला चहा घेतला आणि आपला स्वतःचा कप तिच्यापुढे धरला. ती प्यायली. मग कप धुतला आणि सवयीने जिन्याखालच्या कोनाड्यात पालथा घातला. मामाने ते पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. रात्री मामी आम्हाला म्हणाली, "बाहेर बोलू नका कुठे." आम्ही बोललो नाही. यमुनाबाईही कधी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मामाने दुकानातली मोठी कात्री घेतली आणि त्या लाडक्या ताडपत्रीला पुढच्या बाजूला हातभर चौकोन कापला. त्यावर मच्छरदाणीचा तुकडा शिवला, तोही वेडावाकडा. पुढच्या पावसात मिठाची गोण पाझरली, साबण फेसाळले. मामी चिडली. "भिजू दे," मामा म्हणाला. त्याच्या तोंडून हे वाक्य ऐकून मामी रागवायची विसरली.

पुढच्या बाजाराला त्याने केबिनचं दार उघडून यमुनाबाईला पुढे बसायला सांगितलं. ती बसली, चपला हातात घेऊन, सीटच्या कडेला, पाठ न टेकता. खोडाळ्याला उतरली ती थेट रस्त्याच्या कडेला ओकायलाच. "माला नको रे ते. गरगरतं. मागं बरं, आता वारा पण लागतो." मामाने त्या रात्री सीटचं प्लास्टिक फाडून टाकलं, पण ती पुन्हा पुढे बसली नाही. आपली चूक भरून काढायची संधी त्याला हवी होती आणि ती देणं काही तिचं काम नव्हतं. मग त्याच्याकडे एवढंच उरलं, पडद्यात डोकं घालून विचारणं. यमुनाबाई आत असली की उत्तर यायचं, "हाय, हाय. चाल तू." तेव्हा तो पडदा उघडाच ठेवून गाडी काढायचा. एकदा कुणाला काही कळणार नाही अशा आवाजात मला म्हणाला, "मी गाडीवर पाणी ओतून बघितलं, माणूस घालून नाही बघितलं."

मी म्हटलं, "तूच तर बसला होतास आत."

"मला माहीत होतं ना, बाहेर उघडणारं कोणी आहे," तो म्हणाला.

मागच्या हिवाळ्यात मामा गेला. मोखाड्याच्या एका माणसाने पिकअप घेतली. भोक पडलेली ताडपत्री त्याला नको होती, ती यमुनाबाईने मागून नेली. यंदा पावसाळ्यात मी जव्हारला गेले होते. मामीने यमुनाबाईसाठी मामाची शाल दिली, ती घेऊन जामसरला गेले. तिच्या कुडाच्या घरावर ती निळी ताडपत्री लांबूनच ओळखू आली. मामाने कापलेला चौकोन तिने लुगड्याची दुहेरी पट्टी लावून शिवला होता. पाऊस धरून आला होता आणि दार लोटलेलं होतं. मी उंबऱ्याशी उभी राहिले आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून तेच निघालं, त्याच सुरात, "आत कोणी आहे का?"

"हाय, हाय!" आतून आवाज आला. मग जरा थांबून, "शेठ का?"

ती दारात आली. मला पाहून ओशाळून हसली. म्हणाली, "मी म्हटलं..." शाल तिने दोन्ही हातांत घेतली, नाकाशी धरली आणि फळीवर ठेवून दिली. "एक थेंब नाय येत बघ," वर बघत म्हणाली.

तिने चहा केला, कोरा, गूळ घातलेला. पिऊन झाल्यावर मी उठले, दाराशी हंड्यातल्या पाण्याने कप धुतला आणि हातात घेऊन उभी राहिले. कुठे ठेवायचा ते कळेना. मी दाराबाहेर, कुडाच्या कडेला जागा शोधत होते.

"तिथं कुठं?" यमुनाबाई म्हणाली. "आण इकडं. आमच्या कपांत ठेव."