धोंडीची ओळ

जळगावहून एरंडोल-पारोळा करत येणारी मोटार धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली की ड्रायव्हर खालूनच हाक मारायचा, "काकू, अक्कानं पुडकं शे वं." कित्येक वर्षं हेच चाललं होतं. छापखान्यातून प्रुफं निघायची, मोटारीतून माझ्याकडे यायची, मी ती वाचून चुकांना खुणा करून परत मोटारीतच द्यायची. त्या दिवशी हाक आली नाही. ड्रायव्हर स्वतः जिना चढून वर आला, पुडकं माझ्या हातात दिलं आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मी म्हटलं, बाबा, आत ये, पाणी तरी घे. तो म्हणाला, "पाणी नको, काकू. अक्का गयी..." मी पुडकं मांडीवर घेऊन तशीच बसले. कागदाला शाईचा वास येत होता, बोट लावलं तर बोट काळं झालं. बाई गेली होती आणि तिचं पुस्तक माझ्या मांडीवर अजून ओलं होतं.

त्याला आता पाचसहा आठवडे झाले. तुम्ही पुरवणी वाचणारी माणसं तिला 'धोंडी आनंदा' म्हणून ओळखता. माझी ती थोरली जाऊ. मी तिला चारचौघांत अक्का म्हणायची. चारचौघांत म्हणाले, कारण एका खोलीत मी तिला नावानं हाक मारायची, पण ते पुढे सांगते.

तिच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती. ही झाली तेव्हा आईनं मुद्दाम दगडाचं नाव ठेवलं. देवानं बघावं आणि म्हणावं, हा तर धोंडा, कशाला न्यायचा. आमच्याकडे अजून ठेवतात अशी नावं, घराघरात एखादा दगडू, एखादी भिकी सापडेल. वडील आनंदा गुरुजी एरंडोलजवळच्या एका खेड्यात शाळा चालवायचे, मुलांच्या रांगेच्या शेवटी हिलाही बसवायचे. मग लग्न करून ती धरणगावला आमच्या घरात आली. घर शेतकऱ्याचं, कापसाचं, वजनदार. थोरल्या सुनेला धोंडी कोण म्हणणार? ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीनं नवं नाव काढलं, लक्ष्मी. अक्का हे सांगताना नेहमी हसायची. म्हणायची, "मंजुळा, ते तांदूळ सासूबाईंनी वाया घालवले नाहीत हो. संध्याकाळी भात केला. माझं नवं नाव आम्ही सगळ्यांनी त्याच दिवशी जेवून टाकलं."

मी त्या घरात आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. दुपारी पुरुषमाणसं जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, गेली आणि सासूबाई आडव्या झाल्या की अक्का मागच्या कापसाच्या खोलीत जायची. मला वाटायचं, झोपायला जात असेल. एकदा मागोमाग गेले तर बाई कापसाच्या ढिगाला पाठ लावून, पाट मांडीवर पालथा घेऊन लिहीत बसलेली. कापसात आवाज मुरतो, टाकाची करकर बाहेर जात नाही, म्हणून ती जागा. फक्त एक त्रास होता. टाकाच्या टोकाला कापसाचा तंतू चिकटायचा आणि अक्षराला मिशी फुटायची. पुढे छापखान्यात तिचे कागद कोणी न सांगता ओळखायचे ते त्या मिशांवरूनच. मला बघून ती दचकली नाही. म्हणाली, "आलीस? बस. मी वाचते, तू बोट फिरव." अशी मी वाचायला शिकले, शाळेत न जाता, कापसात बसून. आणि तिथंच ती एकदा म्हणाली, "इथं मला धोंडी म्हण. लग्नापासून कोणी म्हटलं नाही." थोरल्या जावेला नावानं हाक मारायची म्हणजे माझी जीभ वळेना. पण मारली. तिनं "ओ" दिली आणि मान खाली घालून लिहायला लागली.

श्रावणात गल्लीतल्या बायका दुपारी आमच्या ओसरीवर पोथी ऐकायला जमायच्या. वाचता येणारी एकटी अक्का. एकदा अध्याय लवकर संपला, बाहेर पाऊस, कोणी उठेना. अक्कानं पोथीखाली ठेवलेले आपले कागद काढले आणि त्याच सुरात वाचायला लागली. सासरच्यांनी बाहेर काढलेल्या एका मुलीची गोष्ट होती. बायकांना वाटलं, हीसुद्धा पोथीच. कोणी हात जोडलेले, कोणी डोळे मिटलेले. पोर दाराबाहेर उभी आहे इथवर आलं आणि अक्कानं कागद खाली ठेवले, कारण लिहून तेवढंच झालं होतं. तशी बायजाआजी म्हणून एक म्हातारी होती, ती खवळली. "पोर दारना बाहेर उभी शे आनि तू पोथी मिटी ऱ्हायनी? अशी सोडानी नही, बाई. गावले चांगलं नही ते."

एकीनंही जागा सोडली नाही. दिवेलागण व्हायला आली, घरोघर चुली पेटायच्या राहिल्या, आणि अक्का न लिहिलेली गोष्ट तोंडानं सांगत बसली. त्या पोरीला तिनं परत घरात नेलं नाही, रडवून मारलंही नाही. बाजाराच्या गावी नेलं, कापूस वेचायला लावलं, स्वतःची झोपडी दिली, आणि सासरे न्यायला आले तेव्हा त्यांना पाणी देऊन वाटेला लावायला लावलं. मी घाबरले, वाटलं बायका आता अंगावर येतील. बायजाआजी उठली, त्या कागदांना हळदकुंकू वाहिलं, वर तांदूळ टाकले आणि विचारलं, "कोणी लिखी शे ही पोथी?"

अक्का म्हणाली, "धोंडीनी."

"मनी बी एक धोंडी शे, चोपड्याले दिधी शे," म्हातारी आपल्या लेकीबद्दल म्हणाली, आणि डोळे पुसत घरी गेली. अक्का मला नंतर कापसाच्या खोलीत म्हणाली, "ठरलं. ज्या नावानं जगले, त्याच नावानं लिहीन."

पुस्तक पुरं झालं. जर्मनांशी झालेली पहिली लढाई अजून सुरू व्हायची होती. माझे जेठ, म्हणजे अक्काचे यजमान, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, फार कमी बोलायचे. त्यांनी एक अक्षर न बोलता तो गठ्ठा कापसाच्या गाडीत घातला आणि आम्हा दोघींना बाजाराच्या निमित्तानं जळगावला नेलं. छापखान्याचे मालक नाना. स्वतः खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे, बोटं कायम काळी. त्यांनी कागद चाळले, हळदीचे डाग बघितले. "हे काय?"

"बायकांनी पास केलंय," अक्का म्हणाली.

नाना हसले. गोष्ट त्यांना आवडली होती, पण नाव वाचून त्यांनी चष्मा काढला. "ताई, धोंडी? कादंबरीवर? कोण हात लावेल? 'एक भगिनी' घालू. आजकाल सगळ्या तसंच घालतात. नाहीतर सौभाग्यवती लक्ष्मीबाई म्हणा, शोभेल."

"नाना, भगिनी कोणाची ते लोक विचारतील. आणि लक्ष्मीबाईला लिहायला येत नाही, ती भाकरी करते." ती उठली आणि कागद गोळा करायला लागली. नानांनी बराच वेळ दादांकडे बघितलं, की नवरा काहीतरी समजावेल. दादा म्हणाले, "गाडी भरून परत न्यायची का, तेवढं सांगा." एवढं एकच वाक्य मी त्यांच्या तोंडून त्या बाबतीत ऐकलं, पण काय ऐकलं...

छापलं नानांनी, कुरकुर करत. आणि त्या नावामुळेच पुस्तक उचललं गेलं. धरणगावच्या बाजारात, पारोळ्याच्या बाजारात बायका मुलांना पाठवायच्या, जा, धोंडीचं पुस्तक आण. कोणाची बहीण धोंडी, कोणाची आत्या धोंडी. आपल्यातलीच कोणीतरी लिहायला लागली, असं त्यांना वाटलं, आणि खरंच होतं ते. घरी आमचे सासरे, आबा, यांना कळलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले. आम्ही स्वयंपाकघरात श्वास धरून. आबांनी विचारलं, "आडनाव छापलंय का आपलं?" दादा म्हणाले, नाही. "मग ठीक आहे. कोण धोंडी, आपल्याला काय माहीत," असं म्हणून त्यांनी ताक मागितलं. घराण्याला त्या वेळी तिचं नाव नको होतं. हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

मग पुस्तकामागून पुस्तक. मुलं झाली, प्लेग आला आणि गेला, पुन्हा दुसरी लढाई आली, कागद मिळेना, तरी बाई लिहीत राहिली. माझं बिऱ्हाड धुळ्याला आलं तशी प्रुफं मोटारीतून यायला लागली. ती चांगली लिहायची की वाईट हे विद्वानांनी ठरवावं. मी एवढं सांगते, ती बायजाआजीला कधी विसरली नाही. कोणतंही प्रकरण लिहून झालं की मला विचारायची, "उठून चुलीकडे जाता येईल का गं इथून?" मी "हो" म्हटलं की कागद फाडायची.

छापून झालं की खिळे सुटे करून आपापल्या खणात परत टाकायचे, ही छापखान्याची रीत. नानांनी अक्काच्या नावाची ओळ मात्र एकदा सुटी केली नाही. दरवेळी लागणारच, तर पुन्हा पुन्हा कशाला जुळवा, म्हणून दोऱ्यानं करकचून बांधून तपकिरीच्या चपट्या डब्यात ठेवून दिली. एकदा अक्कानं तो डबा मला दाखवायला धुळ्याला आणला. मी बघते तर अक्षरं उलटी. अक्का म्हणाली, "तुझी कुंकवाची फणेरपेटी आण." पेटीच्या झाकणाचा आरसा तिनं ओळीसमोर धरला आणि तिचं नाव सुलटं झालं. आम्ही दोघी म्हाताऱ्या व्हायला आलेल्या बायका लहान पोरींसारख्या त्या आरशात वाकून बघत बसलो.

त्याच मुक्कामात धुळ्यात एक सभा होती. कोणी मोठे गृहस्थ अध्यक्ष. त्यांनी सांगितलं, आता लक्ष्मीबाई आपल्याशी बोलतील. अक्का पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी, हलली नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी कोपरानं ढोसलं. ती मोठ्यानं म्हणाली, "त्या बाई आलेल्या दिसत नाहीत हो. दुसऱ्या कोणाला बोलवा." सभा हसली. अध्यक्षांनी खाली वाकून कोणाला तरी विचारलं आणि तिसऱ्यांदा 'धोंडी आनंदा' असं नीट उच्चारलं. तेव्हा ती उठली, पदर सावरला आणि जे बोलायची ते बोलली.

आता शेवटचं. तिचे दिवस झाल्यावर मोटारीतून पुन्हा एक पुडकं आलं. त्याच राहिलेल्या पुस्तकाचं पहिलं पान. आणि त्यावर 'कै. श्रीमती लक्ष्मीबाई', पुढे दादांचं नाव, पुढे ठसठशीत आमचं आडनाव. मी पानावर तिरकी रेघ मारली, तिनं शिकवली तशी. पण अशी चूक रेघेनं जात नाही हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशीची मोटार धरली आणि जळगाव गाठलं.

छापखान्यात अक्काचा मुलगा बापू बसलेला होता. जळगावला वकिली करतो, आईवर जीव, यात मला शंका नाही. दादा गेल्यावर त्यानंच तिला सांभाळलं. तो म्हणाला, "काकू, शाळेत मला धोंडीचा पोरगा म्हणून चिडवायचे. आईचंही लोकांनी हसं केलं. आता तरी तिला चांगल्या नावानं जाऊ दे. घराण्याचा मान आहे त्यात."

"घराण्याला मान हवा होता तेव्हा आबा आडनाव नाही ना, म्हणून सुखानं ताक प्यायले," मी म्हटलं. "तू लक्ष्मीबाईचं नाव खुशाल छाप, बापू. पण मग आतलं पुस्तकसुद्धा लक्ष्मीबाईकडून लिहून आण."

तो म्हणाला, "तुम्ही आईसारखंच बोलायला लागलात."

"तिच्या कागदांवर वाचायला शिकले. बोलायला दुसऱ्या कोणाकडे जाऊ?"

नाना आता थकलेत, डोळ्यांनी कमी दिसतं. ते कोपऱ्यातून म्हणाले, "वकीलसाहेबांनी सांगितलं ते मी जुळवलं. पण डबा तिथंच आहे." बापूनं माझ्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं आणि छत्री उचलली. "करा तुम्हाला हवं ते," म्हणाला. पण गेला नाही. छत्री हातात धरून दारात उभा राहिला आणि नानांनी चाचपडत डबा उघडून ती ओळ पानात बसवली, शाई फिरवली, कागद दाबला, हे सगळं बघत राहिला. मोटारीपर्यंत मला सोडायला आला तेव्हा वाटेत विचारलं, "काकू, आई त्या नावाला ओ द्यायची?"

मी त्याला कापसाची खोली सांगितली. माझं पुडकं त्यानं मोटार सुटेपर्यंत हातातून खाली ठेवलं नाही.

त्या पुडक्यात काय होतं तेही सांगते. छपाई झाल्यावर नाना म्हणाले, "आता ही ओळ सोडतो. पुढचं पुस्तक काही यायचं नाही. अक्षरं दुसऱ्याला उपयोगी पडतील." त्यांची रीत बरोबर आहे, छापखाना चालायला हवा. मी म्हटलं, "नाना, पुढची आवृत्ती निघेल तेव्हा आणून देईन. तोवर नाव माझ्याकडे राहू द्या." त्यांनी डबा फडक्यानं पुसून माझ्या हातात ठेवला.

माझं कुंकू सुटलं, फणेरपेटी राहिली. तो डबा तिच्या शेजारीच ठेवलाय. दुपारी कामं आटोपली, घर निजलं की झाकणाचा आरसा उभा करते, ओळ समोर धरते आणि एकदा नावानं हाक मारते. जुना दोरा शाईनं कुजला होता. काल मी तो बदलला. नवा घट्ट बांधलाय, नखानं सुटणार नाही असा.