राघोच्या जागी

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस, डोकं फुटेल असं ऊन, आणि धुरपदाबाईच्या पोटात सकाळपासून पाण्याच्या घोटाशिवाय काही गेलं नव्हतं. खान्देशाची रीतच तशी. आखाजीला मेलेल्या माणसाच्या जागी जिता माणूस बसवायचा, त्याला पितर म्हणून पोटभर जेवू घालायचं, मगच घरच्यांनी घास तोंडात घालायचा. नवरा गेल्यापासून, राघो गेल्यापासून, त्याच्या जागी वाल्मिक बसायचा, कापडाच्या लूमवरचा त्याचा जोडीदार. यंदा वाल्मिक बिऱ्हाड उचलून गावी गेला तो गेलाच. भेस्तानला राहणाऱ्या पोराला फोन लावला, तर योगेंद्र अर्ध्या गुजरातीत म्हणाला, "मम्मी, जमी ले ने तू! जेवून घे. आता कोण पाळतं हे?"

धुरपदाबाईचं काम कतारगामकडच्या जुन्या विलायती कबरस्तानात झाडू मारायचं. कबरी कसल्या, महालच ते! डचांनी घुमट उठवला की इंग्रजांनी त्यावर ताण करायची. मेल्यावरसुद्धा शेजाऱ्याशी चढाओढ. आता घुमटांत पारवे घुमतात, चुन्याचे पोपडे गळतात, आणि धुरपदाबाई ते गोळा करते. चुकार कोणी आला तर फोटो काढतो नि जातो.

पितराची घागर तिनं घरीच भरली आणि डबा इकडे घेऊन आली. रखवालदार हेमराज शिरपूरकडचा, आपल्यातला. तो नाही म्हणायचा नाही.

घुमटाच्या सावलीत तिनं गोणपाट अंथरलं, ताट वाढलं.

"मना पोटमा जागाच नही शे, मावशी," हेमराज ढेकर देत म्हणाला. "लिंबायतला सकाळी दोन घरांचा बाप होऊन आलो."

"मग तिसऱ्याचा हो. आमरस आहे, सांजोऱ्या आहेत."

"आणि हे गोरे? इथं वाढलंस तर तेच आधी ताटात हात घालतील."

"घालू दे. ठेचा लागला की बोंबलत बोटीत बसतील."

हेमराज हसला, बसला. पोळीचा तुकडा रसात बुडवून कसाबसा गिळला. दुसरा हातातच राहिला.

"झालं, मावशी. पोचलं राघोकाकाला."

धुरपदाबाई ताटाकडे बघत राहिली. डबल पाळी ओढून आलेला राघो हात धुवायलासुद्धा थांबायचा नाही.

"माझा माणूस भुकेला गेला रे. तुझ्या एका घासानं त्याचं काय व्हायचं? ऊठ."

"रागावली का व माय?"

"नाही रागावले. ऊठ तू."

तो उठला. आणि त्या गोणपाटावर ती स्वतः बसली, पुरुषासारखी मांडी ठोकून.

"बाईमाणूस कुठं पितर बसतं?" हेमराज दचकलाच.

"मग सांग, कोणाला बसवू?"

 उगाच किल्ल्या खुळखुळवत तो फाटकाकडे गेला.

ती जेवायला लागली. आग्रह करायला समोर कोणी नव्हतं, म्हणून आपणच आपल्याला वाढत गेली. रस संपला, सांजोऱ्या संपल्या. राघो जेवला की नाही, काही कळलं नाही. तिचं पोट मात्र भरलं, आणि तेच तिला सोसेना.