टोकाचा माड आणि डावा कान

तुमच्या घरात जे कुणी रक्तदाबाची गोळी घेतं, त्यांनी ती आज घेतली का? विचारून नको, पाकीट बघून सांगा.

आमच्या घरात कुणी बघितलं नव्हतं. सगळे गडबडीत होते, कारण गाव पळत होता.

आमचं गाव आचऱ्याच्या बाजूचं. दर काही वर्षांनी आमच्याकडे गावपळण होते. देवाने कौल दिला की सगळी माणसं घरं बंद करून शिवेबाहेर जातात. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा बरोबर. तीन दिवस झावळ्यांच्या राहुट्यांत राहायचं आणि परत यायला पुन्हा देवाचा कौल घ्यायचा. तोवर शिवेच्या आत पाऊल टाकायचं नाही. ज्याचा विश्वास आहे तो हे पाळतो. ज्याचा नाही तोही पाळतो, कारण राहुट्यांत पत्ते असतात, भजनं असतात आणि कुणाला कामाला जायचं नसतं.

माझा विश्वास नाही. मी पत्रकांवर वाढले. आई अंगणवाडीत होती आणि तिच्या पिशवीत कायम कसली ना कसली पत्रकं असायची. दारूबंदीची, खाणीविरुद्धची, जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी कसं करावं याची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. पत्रकांमुळे मला लागलेली सवय म्हणजे, काही वाईट घडलं की दोषी कोण ते आधी ठरवायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या कौलासाठी नारळ हवा होता. नारळ निवडायचं काम बाबांचं. त्यांची माडांची बाग आहे, आणि नारळ कानाशी धरून हलवला की आत पाणी किती, खोबरं कसं, हे ते सांगतात. त्यात ते चुकल्याचं मला आठवत नाही. त्यांनी एक नारळ डाव्या कानाशी धरून हलवला.

"रिकामो," ते म्हणाले. दुसरा घेतला. "ह्यो पण रिकामो."

तिसराही रिकामा निघाला तेव्हा काकाने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः हलवला. पाणी आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

"दादा, भरलेलो आसा रे. खुळावलंस की काय?"

बाबा हसले नाहीत. डाव्या कानावर हात मारत म्हणाले, "ह्या कानात काय ऐकाकच येना. नुसती शिटी वाजता."

मग जो तो वैद्य झाला. काका म्हणाला, काल ओढ्यावर आंघोळ करताना पाणी गेलं असणार. त्याने बाबांना एका पायावर उड्या मारायला लावल्या. काकीने लसूण घालून तेल गरम केलं आणि कानात ओतलं. कुणीतरी म्हणालं, राहुटीत थंडी बाधली. बाबा उडी मारता मारता थांबले, राहुटीचा खांब धरला आणि खाली बसले. "धर माका. जमीन फिरता," एवढंच म्हणाले आणि त्यांना उलटी झाली.

मी विचारलं, "बाबा, बीपीची गोळी घेतलास?"

"गोळये घराक आसत."

"म्हणजे तीन दिवस घेवक नाय?"

"गाव सुटलो, तशे गोळये पण सुटले. काम नाय, कटकट नाय, मगे बीपी खंयसून वाढतला?"

तीन दिवस त्यांच्या ताटात सुके बांगडे आणि खारातले आंबे होते, आणि दाढेखाली तंबाखू. पण गोळ्यांना सुट्टी.

मी म्हणाले, मी घरी जाते आणि गोळ्या घेऊन येते. काका आडवा आला. "शीम ओलांडशीत तर याद राख. आज कौल आसा." मला तेवढंच हवं होतं. मी तिथेच सुरू झाले: माणूस मोठा की रेषा मोठी, देवाला गोळीचं वावडं आहे का, वगैरे. मुद्दे चांगले होते. आईने ते ऐकून घेतले नाहीत.

"गो, घरात काय डॉक्टर बसलोहा? दवाखानो शिवेच्या भायेर आसा, नि आपण पण भायेरच आसो. भांडाण मागसून कर. आदी रिक्षा बघ."

रिक्षा काकानेच आणली. देवाकडच्या कामाला थांबायचं सोडून तो बाबांना धरून मागे बसला आणि कुडाळपर्यंत प्रत्येक वळणावर रिक्षावाल्याला "सावकाश रे" म्हणत राहिला.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आधी कान बघितलाच नाही. बाबांच्या डोळ्यांपुढे बोट फिरवलं, हात उचलायला लावले, बोलायला लावलं, चालवून बघितलं. रक्तदाब मोजला आणि त्यांची भुवई वर गेली. "चक्कर आली आणि कानही गेला, दोन्ही एकदम. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा आला तरी असं होऊ शकतं. आधी ते नाही ना याची खात्री करू." त्यांनी तपासणीसाठी लगेच मोठ्या इस्पितळात पाठवलं. तो दुपारचा वेळ आई, काका आणि मी, आम्ही तिघांनी बाकावर काढला. मी आणि काका भांडलो नाही.

मेंदू ठीक होता. आईने तपासणीचा कागद न वाचताच घडी घालून पिशवीत ठेवला आणि आम्ही परत कानाच्या बाईंकडे गेलो.

मग कान. त्यांनी आधी काकीचं तेल पुसून काढलं. पडदा चांगला होता. कान तपासायचा दोन दांड्यांचा धातूचा काटा वाजवून बाबांच्या कपाळावर टेकवला तेव्हा आवाज त्यांना फक्त उजवीकडे आला. म्हणजे बिघाड डाव्या बाजूच्या आतल्या कानाचा होता.

"तुमची बाग आहे ना? पाटाचं पाणी कसं फिरतं?" बाईंनी बाबांना विचारलं. "आतल्या कानाला रक्त नेणारा एकच पाट आहे, आणि तो केसासारखा बारीक. दुसरीकडून पाणी यायची सोय नाही. रक्तदाब, साखर, तंबाखू यांनी पाट हळूहळू खराब होतात."

बाबा म्हणाले, "म्हणजे टोकाचो माड. पाणी कमी झाला की पयलो तोच सुकता."

"तसंच समजा."

मी विचारलं, हे तीन दिवस गोळ्या चुकल्यामुळे झालं ना? मला हो ऐकायचं होतं. पत्रकाची पहिली ओळ मनात तयार होती. बाई म्हणाल्या, "ते मी सांगू शकत नाही. असा अचानक कान जातो तेव्हा नेमकं कारण बहुतेक वेळा सापडत नाही. रक्तवाहिनी हा एक संशय आहे. पण यांचे पाट बऱ्याच वर्षांपासून दुर्लक्षित आहेत, हे मी नक्की सांगते. आणि आजच्या आज आलात हे फार बरं केलंत. लोक महिनाभर तेल घालून मग येतात, तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरत नाही."

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, साखर आणि रक्तदाबावर नजर ठेवून. कान परत येईल असं वचन बाईंनी दिलं नाही. आम्ही परतलो तोवर कौल झाला होता, गाव घरी आला होता. चक्कर काही दिवसांत ओसरली. कान मात्र बंद. बाबा रोज सकाळी ओटीवर बसून एक नारळ डाव्या कानाशी हलवायचे आणि खाली ठेवायचे.

एका सकाळी त्यांनी नारळ खाली ठेवला नाही. पुन्हा हलवला. मग उजव्या कानाशी, परत डाव्या. आईला हाक मारून म्हणाले, "गो, आयकलंस? लांब कुठेतरी पाणी हलता." आई नारळ घेऊन आत गेली आणि त्या दिवशी आमच्याकडे नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, झाले. पुढच्या तपासणीत बराचसा कान परत आला होता. शिटी अजून कधी कधी वाजते. त्यांनी तंबाखू सोडली, खारातले आंबे अर्धेच सोडले.

गावपळणीवर मी पत्रक काढलं नाही. पुढच्या पळणीआधी देवळात बाबा स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, "गाव सोडा, गोळये सोडू नका." काका मागून ओरडला, "नि नारळ माका दाखवा, दादाक नको." सगळे हसले. पण त्या वेळी आमच्या वाडीतल्या राहुट्यांच्या खांबांना औषधांच्या पिशव्या टांगलेल्या मी पाहिल्या, आणि शिवेबाहेर मला निवांत झोप लागली.

तेव्हा मागणं एवढंच. आज घरातल्या थोरल्या माणसाला फोन एका कानाला लावून ऐकायला सांगा, मग दुसऱ्या. एक कान अचानक बंद झाला असेल, तर तेल तापवू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आणि जाताना त्यांच्या गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या.